खुलासा: सॅम टायलर यानात जागा होत नाही

बीबीसीच्या ‘लाइफ ऑन मार्स’ या मालिकेत नायक, पोलिस अधिकारी सॅम टायलर, शेवटी मंगळाकडे निघालेल्या यानात जागा होतो, असं मी परवा लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. (मालिका पाहायची असेल तर पुढे वाचू नका, शेवट फुटेल.)

यानात जागा होण्याचा शेवट न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या, २००८-०९च्या अमेरिकी आवृत्तीचा. मूळ मालिका मँचेस्टरची, २००६-०७ मधली, एकूण १६ भाग. दोन्हींत नायकाचं नाव तेच, २००८ किंवा २००६ मधून तो १९७३ मध्ये जातो तेही तसंच. म्हणून माझी गल्लत झाली. काल दोन्ही शेवटचे भाग पुन्हा पाहिले. मूळ मालिकेत सॅम गाडीच्या धडकेनंतर गेलेल्या कोमातून उठून २००६ मध्ये परततो. ऑफिसात मीटिंग चालू असते, हाताला कापलेलं असतं, रक्त येतं आणि त्याला काहीच जाणवत नाही. मग तो गच्चीवरून उडी घेतो आणि त्याचा तिथला पोलिस साहेब जीन हंट याच्या १९७३ मध्ये पोचतो. हा शेवट काळजाला हात घालतो, म्हणून चूक जास्त लागली.

माझी जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकली असेल तर काढून हा खुलासा टाका.