बाळाचे नाव ठेवताना घ्यावयाची काळजी

नुकत्याच आईबाप झालेल्या आणि लवकरच होणाऱ्या सर्व सुज्ञ दांपत्यांनी प्रथम हे मनावर बिंबवून घ्यावे की, नाव हे मुलाला हाक मारण्यासाठी असते ही समजूत आता मोडीत निघाली आहे. हाक मारायला बाबू, बाळा, सोन्या, चिकू ही नावे आहेतच आणि ती जन्मभर सुटत नाहीत. आमच्या सिंधुदुर्गात साठीचे बाबू आणि सत्तरीतले बाळा वाडीवाडीला भेटतात. खरे नाव ठेवायचे ते आईबापांची अभिरुची चारचौघांना कळावी म्हणून, आणि ते त्याच धोरणाने निवडले पाहिजे.

घरातील वडीलधाऱ्यांना नाव विचारू नये. फार तर व्हॉट्सॲपवरच्या मतदानात त्यांना भाग घेऊ द्यावा आणि निकाल आधीच ठरवून ठेवावा.

नावांचा शोध मोबाइलवरच घ्यावा. तेथे प्रत्येक नावापुढे ‘विष्णूचा अंश’ किंवा ‘सूर्याचा पहिला किरण’ असा अर्थ दिलेला असतो, आणि हा अर्थ कोणत्या कोशात सापडतो असे विचारणाऱ्या मंडळींना बारशाचे आमंत्रण पाठवण्याची गरज नसते. सूर्याला पहिले किरण इतके कसे, हाही प्रश्न मनात आणू नये.

नाव एकमेवाद्वितीय असावे. हा नियम सर्वांनीच कसोशीने पाळल्यामुळे आमच्या अंगणवाडीत यंदा विहान, विवान, वियान आणि रियान अशी मुले मांडीला मांडी लावून बसली आहेत, आणि ताईंनी एकाला हाक मारली की सगळी एकदम उठतात. ताईंनी त्यावर वरच्या वाडीतला, शाळेमागचा, रिक्षावाल्यांचा आणि रडका अशी वाटणी करून घेतली आहे व ती उत्तम चालते.

भावंडांची नावे यमक जुळवून ठेवावीत, म्हणजे एकाला आलेला मार दुसऱ्याला बसण्याची सोय होते.

नाव परदेशी माणसाला सहज उच्चारता यावे, याची काळजी अवश्य घ्यावी. मूल कुडाळच्या दवाखान्यात जन्मलेले असो, त्याचे पुढले शिक्षण कणकवलीला व्हायचे असो, पण कधीकाळी ते अमेरिकेला गेलेच तर तेथील साहेबाच्या जिभेला त्रास होता कामा नये. आजीच्या जिभेचा विचार करण्याचे कारण नाही, कारण आजीला व्हिसा लागत नाही.

आता मुख्य बाबीकडे वळू. नाव पंचांगाप्रमाणे ठेवावे की अंकशास्त्राप्रमाणे, असा पेच पडल्यास दोन्ही करावे. पंचांगात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून १०८ चरणाक्षरे दिलेली असतात. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ‘ञ’ आलेला आहे, आणि या अक्षरांवरून आजवर कोणाचे बारसे झालेले मी पाहिलेले नाही. ज्यांनी ही कोष्टके पिढ्यानपिढ्या वापरली त्यांनी म्हणूनच पत्रिकेतले नाव पत्रिकेपुरते आणि व्यवहारातले नाव वेगळे, अशी सोय करून ठेवली होती. तुम्ही मात्र ही सोय नाकारावी. चरणाक्षर पंचांगातून घ्यावे, त्यावरून नाव मोबाइलवरून काढावे आणि मग ते इंग्रजीत लिहून अंकशास्त्र्याकडे न्यावे. इंग्रजीतच का, तर त्या शास्त्रातले आकडे रोमन अक्षरांना दिलेले असतात. खाल्डियन म्हणून जे कोष्टक चालते त्यात तर अक्षरांना एक ते आठ एवढेच आकडे आहेत, नऊ कोणाच्याही वाट्याला आलेला नाही. म्हणजे ज्या मुलाचा जन्म तिथी, नक्षत्र आणि चरण पाहून नोंदवला, त्याचे भाग्य ठरणार ते इंग्रजी बाराखडीच्या बेरजेवर. बेरीज कमी पडली तर एक ‘ए’ वाढवावा, म्हणजे ती एकाने वाढते. तरीही भागले नाही तर शेवटी एक ‘एच’ चिकटवावा. या सल्ल्याचे शुल्क मात्र अंकशास्त्रज्ञ कोणत्याही अक्षराशिवाय, निव्वळ आकड्यांत घेतात.

हे सारे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी बारसे झाले आणि मी बाळाची सख्खी आत्या. पाळणा सजला होता, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ करत वरवंटा पाळण्याखालून फिरवून झाला होता, बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला हात सरसावून उभ्या होत्या. ऐन वेळी भावाने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवरचे नाव फक्त इंग्रजीत होते. त्यात ओळीने दोन ‘ए’ होते, मध्ये एक ‘वाय’ होता आणि शेवटी एका ‘एच’च्या जागी दोन होते. मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्र केले आणि ‘रियांश’ म्हटले. भावजय कुजबुजली, ‘रेयांश.’ तिची आई म्हणाली, ‘अगं, रायांश ना?’ भावाने मोबाइल काढला, पण तेथेही नाव इंग्रजीतच होते. तोवर धपाटे पडून गेले होते. ज्याचे बारसे, त्याच्या कानात तीन नावे गेली आणि त्यांतले कोणते खरे हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या पडवीत नव्हता. माझी आई पेढे वाटायला उठली आणि जाता जाता म्हणाली, “माका काय ता जमाचा नाय, माझो आपलो झीलच बरो.” झील म्हणजे आमच्याकडे मुलगा.

येथपर्यंत हसून सोडून देता आले असते. पण नाव पाळण्यापाशी थांबत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, आणि आमच्या बंधुराजांनी ती करताना नावासकट केली. अर्जावर इंग्रजी नाव बेरीज बरोबर येईल असे लिहिले आणि मराठीचा रकाना ‘तुम्हीच लिहा’ म्हणून सोडून दिला. पंचायतीतल्या माणसाला जे वाचता आले ते त्याने लिहिले. पुढे आधारच्या केंद्रात इंग्रजी टंकले की पडद्यावर मराठी आपोआप उमटते. ते वाचून पाहायचे असते, आणि ते कोणीच पाहिले नाही. आता दाखल्यावर एक बाळ आहे, आधारवर दुसरे आहे आणि घरात तिसरे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून पुढे करावा लागणार आहे, हे माझ्या पदवीधर भावाला माहीत नव्हते. दुरुस्तीसाठी दोन्हीकडे हेलपाटे घालते आहे ती बाळाची आत्या, कारण आईबापांची रजा संपली आणि ते मुंबईला गेले.

आता उपरोध पुरे झाला. अरे, घाई कोणी केली होती? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मूल आधी बिननावाचे नोंदवता येते. मग १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि पुढे विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंतही. सरकारने तुम्हाला विचार करायला वर्ष दिले होते आणि तुम्ही विचार सोडून अक्षरांच्या बेरजा करत बसलात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग बापाचे आणि मग आडनाव लिहायचे असते. एवढी चार नावे प्रत्येक अर्जात ते पोर लिहिणार आहे, आणि त्यांतल्या पहिल्याचेच स्पेलिंग त्याला आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत बसावे लागणार आहे. मालवणचा मच्छीमार आपल्या नौकेला नाव देतो तेही वादळात वायरलेसवर ओरडले तर पलीकडच्याला एका दमात कळेल असे देतो, आणि तुम्हाला पोटच्या मुलासाठी तेवढे सुचले नाही?

जुने सगळे चांगले होते असे मी म्हणत नाही. मुले जगत नव्हती म्हणून लोक धोंडू, केरू, भिकू अशी नावे ठेवत. मुलगी नको होती म्हणून ‘नकुशा’ म्हणणारेही होते, आणि २०११ साली साताऱ्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावे समारंभ करून बदलावी लागली. ते क्रूर होते. पण धोंडू म्हणणाऱ्या त्या बाईला पोर हातचे जाईल अशी भीती होती. तुम्हाला कसली भीती आहे? शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचे नाव तेच निघेल याची?

नाव आधी देवनागरीत लिहा. ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून दोनदा म्हणवून घ्या आणि त्याला जमले नाही तर बदला. दाखला हातात आला की तिथल्या तिथे वाचा. आणि पंचायतीतल्या माणसाला फोनवर शिव्या घालणे आधी बंद करा. तुम्ही जे लिहून दिलेत तेच त्याने उतरवले आहे.