वाऱ्याची पानं गाळू नका

शिडाच्या जहाजांवरच्या कादंबऱ्या नव्याने वाचणाऱ्यांना आपल्याकडे सर्रास एक सल्ला मिळतो: "दोरखंड-डोलकाठ्यांची पानं सोडून दे, लढाया वाच." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. ती पानं सोडली तर लढाईत नेमकं काय झालं तेच कळत नाही.

पॅट्रिक ओब्रायनची 'मास्टर अँड कमांडर' घ्या. तिच्यातली मोठी लढाई खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. ६ मे १८०१, बार्सिलोनाजवळचा समुद्र. ब्रिटिश आरमारातला कप्तान लॉर्ड कॉक्रेन, त्याच्या 'स्पीडी' जहाजावर १४ तोफा आणि ५४ माणसं. समोर स्पेनचं 'एल गामो', ३२ तोफा आणि ३१९ माणसं. स्पीडीच्या एका बाजूच्या साती तोफांचे गोळे एकत्र केले तरी २८ पौंड, म्हणजे तेरा किलोसुद्धा भरत नव्हते! लांबून मारा करत बसला असता तर कॉक्रेन संपलाच होता. त्याने आपलं जहाज थेट गामोच्या कुशीत घुसवलं. स्पीडी इतकी बुटकी, की गामोच्या तोफा तेवढ्या खाली वळेनात. गोळे डोक्यावरून जाऊ लागले. स्पीडीच्या तोफांची तोंडं मात्र वर उचललेली, त्यांचे गोळे खालून गामोची फळी फोडत होते. स्पॅनिश कप्तान सुरुवातीलाच पडला. शेवटी कॉक्रेन जवळपास सगळी माणसं घेऊन गामोवर चढला, तेव्हा स्पीडीच्या सुकाणूवर उरला होता जहाजाचा डॉक्टर. आता सांगा, जहाजाची उंची आणि तोफांचं वजन गाळून यातलं काय उरतं? नुसतं 'शूर होता' एवढंच.

वाऱ्याचंही तेच. ज्याच्या पाठीशी वारा, तो लढायचं कधी ते ठरवतो. दोन जहाजं एकमेकांना दिसल्यावर तासन् तास त्या एका जागेसाठी झगडतात. तोफ उडायच्या आधीचा हा वेळच मला सगळ्यात थरारक वाटतो.

आणि म्हणूनच आपल्या आंग्र्यांच्या आरमारावर कुणी लिहिलं, की मी आधी वारा शोधतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले. कान्होजींच्या माणसांचं सगळं गणित त्यांच्यावर होतं. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागच्या जागी खिळायचं. मग वल्ह्यांची गलबतं तोफांच्या गुराबांना, म्हणजे मोठ्या शिडाच्या लढाऊ जहाजांना, ओढत आणायची, तीही मागच्या बाजूने, जिथे शत्रूच्या तोफा सर्वांत कमी. केवढा विलक्षण प्रसंग आहे हा! वल्ही मारणाऱ्याचे सोललेले तळहात, तांडेलाची, म्हणजे नाव चालवणाऱ्या म्होरक्याची, आभाळावरची नजर, वारा परत सुटायच्या आत पोचायची घाई. पण आपल्या कादंबऱ्यांत पानंच्या पानं दरबारातल्या भाषणांवर खर्ची पडतात आणि समुद्र दोन ओळींत आटोपतो.

असा प्रसंग नीट रंगवलेली मराठी कादंबरी तुमच्या वाचनात असेल तर कमेंटमध्ये नाव नक्की लिहा. आणि कुणी स्वतः लिहीत असाल तर आधी अलिबाग-मुरूडकडच्या एखाद्या जुन्या तांडेलाशी बोला. वाऱ्याबद्दल तो जे सांगेल ते कुठल्याही बखरीत मिळायचं नाही.