पौर्णिमेला सोलापूरकरांच्या अंगात भरती येते म्हणे!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कॉलनीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, लग्नाच्या वऱ्हाडाचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. थोडक्यात असं: पौर्णिमेला चंद्र समुद्राचं पाणी वर खेचतो, माणसाच्या शरीरात ७० टक्के खारं पाणी, म्हणून त्या दिवशी मेंदूत भरती येते, झोप उडते, बाळंतपणं वाढतात, आणि बोअर मारायचा तर पौर्णिमेलाच मारा कारण जमिनीतलं पाणीही वर आलेलं असतं. खाली "विज्ञानही मानतं". विज्ञानाला कुणी विचारलं कुणास ठाऊक.

पहिलं म्हणजे पौर्णिमेचं. भरती रोज येते, बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा, साधारण १२ तास २५ मिनिटांनी. पौर्णिमेच्या आसपास मोठी येते हे खरं, पण अमावास्येला पण तेवढीच मोठी येते की! कोकणात तिला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. तिकडचा हिशोबही सोपाय, तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. मेसेजवाल्यानं अमावास्या का गाळली तर तेव्हा चंद्र दिसत नाही, फोटो कशाचा टाकणार.

दुसरं, "चंद्र खेचतो". नुसत्या खेचण्यावर असतं तर सूर्यानं बाजी मारली असती, कारण पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट आहे. तरी भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. कारण भरती ओढीनं येत नाही, ओढीतल्या फरकानं येते. पंढरपूरला निघालेली दिंडी बघा, पुढचे भराभर चालतायत, मधले बेताने, मागचे रेंगाळत, सगळे एकाच दिशेला चाललेत पण मधल्या माणसाला वाटतं पुढचे पुढे पळाले आणि मागचे मागे राहिले, दिंडी दोन्हीकडून लांबली. पृथ्वीचं तसंच होतं, चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, म्हणून फुगवटा दोन्हीकडे आणि म्हणून भरती दोनदा. हे गणित न्यूटननं १६८७ मध्येच मांडलंय.

आणि पाणी वर उचललं जातं हेही नाही बरं का. हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीवा भाग, त्यानं पाणी काय उचलणार! पाणी आडवं सरकतं, हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रात थोडं थोडं सरकत एका बाजूला जमतं, आणि किनाऱ्याचा आकार जमला तर आणखी चढतं, खंभातच्या आखातात तर पाणी दहा मीटरच्या आसपास वरखाली होतं.

आता आपल्या अंगातलं पाणी. फरक पडायला लांबी लागते. पृथ्वीची रुंदी १२,७०० किलोमीटर, आपण साडेपाच फूट. डोकं आणि पाय यांच्यातला चंद्राच्या ओढीचा फरक काढला तर तो गुरुत्वाकर्षणाच्या तीस लाख कोटींव्या भागापेक्षाही कमी येतो. खारट असण्याचा तर काही संबंधच नाही, ही ओढ मीठ बघत नाही, पाणी आणि दगड यातही फरक करत नाही. अमेरिकेतलं लेक सुपिरिअर केवढं अवाढव्य, तिथली भरती पाच सेंटीमीटरसुद्धा होत नाही. मग आपला सिद्धेश्वर तलाव कुठं आणि आपण कुठं! उजनीचं पाणी चढतं ते दौंडच्या विसर्गानं, तिथी बघून नाही.

गंमत म्हणजे सोलापुरात भरती येते, फक्त मेसेजवाल्याला माहीत नाही. समुद्र अडीचशे किलोमीटरच्या वर लांब, पण पायाखालचा काळा बसाल्टच दिवसातून दोनदा साधारण फूटभर वरखाली होतो. आख्खा जिल्हा सोबत हलतो, म्हणून कळत नाही. जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर घेराचं कण-प्रवेगक यंत्र होतं, जमिनीच्या ह्या भरतीनं त्याचा घेर मिलिमीटरभर बदलायचा आणि शास्त्रज्ञांना हिशोबात चंद्र धरावा लागायचा.

बोअरच्या मुद्द्यात एवढंच तथ्य की काही खोल विहिरींत ह्या ताणामुळे पातळी काही सेंटीमीटर हलते. तीही रोज, नुसती पौर्णिमेला नाही. जिथं पाणीच नाही तिथं सहाशे फूट जाऊनही फुफाटाच निघणार, तिथी कुठलीही असू दे.

बाळंतपणाचं तर मोजून झालंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९७ ते २००१ मधले ५ लाख ६४ हजार जन्म तपासले, चंद्राच्या कलेप्रमाणे काही फरक सापडला नाही. पौर्णिमेला वॉर्ड भरला की नर्सच्या लक्षात राहतं, षष्ठीला भरला तर कोण लक्षात ठेवतं.

झोपेचं मात्र सरसकट उडवून लावू नका. अर्जेंटिनातल्या टोबा आदिवासींचा अभ्यास २०२१ मध्ये आला, पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री ते उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असं दिसलं. पण त्या दिवसांत संध्याकाळी चंद्र आकाशात असतो, उजेड असतो, माणसं जागतात, हे सरळ कारण असू शकतं. मेंदूतल्या भरतीची गरज नाही त्याला. आणि रात्री दीड वाजता "झोप का उडते" हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांच्या हातातला उजेड कसला असतो तेही बघा जरा.