"काका, गाडी देणार काय?"

गेल्या रविवारी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो होतो. गेट पडलेलं, गाडी बंद करून काच खाली घेतलेली. मागच्या गोव्याच्या नंबरच्या गाडीतून एक तरुण मुलगा उतरून आला. बॉनेटवरून हात फिरवला, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काका, गाडी देणार काय?"

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. 1984 चं मॉडेल, फिकट निळी. मी नाही म्हटलं तर तो म्हणाला, "हॉटेलच्या दारात ठेवायची आहे. लोक फोटो काढतील. इंजिन नसलं तरी चालेल."

मुलगा वाईट नव्हता, नीट अदबीनं बोलत होता. पैसेही बरे सांगत होता. पण ते "इंजिन नसलं तरी चालेल" घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

आमच्या अण्णांनी ही गाडी 1991 साली कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. निपाणीत आमचा तंबाखूचा छोटा व्यापार होता. कोल्हापूर ते निपाणी चाळीसेक किलोमीटर, पण मध्ये राज्य बदलतं. एनओसी आणा, कर्नाटकाचा टॅक्स भरा, नवा नंबर घ्या. अण्णा त्या कागदांसाठी तीन महिने हेलपाटे घालत होते. सीमाभागात गाडी घेणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नंबर आला त्या दिवशी आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि आम्ही सात जण आडीच्या डोंगरावर दत्ताला जाऊन आलो. पुढची सीट सलग, गिअर स्टीअरिंगला, त्यामुळे पुढेच तिघं आरामात बसायची. मी मधे. अण्णा गिअर टाकताना त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोरून जायचा.

आता जरा गाडीबद्दल. मुळात ही इटलीची फियाट 1100. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागल्या. आधी फियाट, मग थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना. इटलीत 1100 ची गोष्ट 1969 साली संपली. कुर्ल्यात मात्र तीच गाडी, थोडे दिवे-जाळी बदलून, विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली.

ही आपल्या देशाची नामुष्की होती असं बरेच जण म्हणतात. लायसन्सचं राज्य, स्पर्धा नाही, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघा, आणि हातात पडणार जुनंच मॉडेल. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण त्यातूनच एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणी बघत नाही. तीस-पस्तीस वर्षं एकच इंजिन, एकच गिअरबॉक्स राहिल्यामुळे गावागावातल्या मिस्त्रींना ती गाडी तोंडपाठ झाली. बापाकडून पोराकडे, उस्तादाकडून चेल्याकडे ती विद्या गेली. 1968 च्या गाडीचा भाग 1990 च्या गाडीला बसायचा, नाही बसला तर घासून बसवता यायचा. गाडी टिकली ती नुसत्या जाड पत्र्यामुळे टिकली असं मला वाटत नाही. पत्रा तर आमच्या पावसात सडतोच. खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला विचारा, चार पावसाळ्यांत फ्लोअरला भोकं पडतात. गाडी टिकते ती तिला उघडता येतं म्हणून, आणि उघडून परत बसवणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो म्हणून.

अँबॅसेडरचंही तेच. बंगालातल्या उत्तरपाड्याला 1957-58 पासून मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर सुरू झाली ती 2014 च्या मे महिन्यात थांबली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांकडे होती. उसाच्या रानातल्या वाटेवरून पाहुणे आणायची, आणि लग्नसराईत गावातल्या प्रत्येक नवरीला तीच न्यायची. जीप, कमांडर, ट्रॅक्स यांचं तर बोलायलाच नको. वडापवाल्यांनी, म्हणजे माणसं भरून गावोगाव सोडणाऱ्यांनी, या गाड्यांवर संसार उभे केले, पोरं शिकवली. पंधरा माणसं आत, दोघं मागे लोंबकळत, वर बाजाराची बोचकी.

एक प्रसंग सांगतो. 1996 चा मे महिना, सावंतवाडीला एका लग्नाला जाऊन परत येत होतो. दाणोली सोडली, आंबोलीचा घाट चढायला लागलो आणि निम्म्यावर गाडी आचके देऊन बंद. सेल मारला तरी घेईना. आई घाबरली, आम्ही पोरं गप्प. अण्णा शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, आईकडून पाण्याची बाटली आणि एक फडकं मागून घेतलं. फडकं भिजवून इंजिनाच्या बगलेतल्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं. चढावर इंजिन तापलं की पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल होतं. दहा मिनिटं आम्ही दरीकडे बघत करवंदं खाल्ली. मग अण्णांनी किल्ली फिरवली आणि गाडीनं घेतलं. गाडीला काय झालंय, का झालंय आणि काय केलं की बरं होईल, हे सगळं दहा वर्षांच्या मला तिथे रस्त्याच्या कडेला कळलं. यंत्राची भीती गेली ती त्या दिवशी.

याच्या उलट अनुभव तीन वर्षांपूर्वीचा. घरात दुसरी गाडी आहे, रोजच्या वापराची, तेव्हा ती सात वर्षांची होती. एके सकाळी चालूच होईना. सर्व्हिस सेंटरला ओढून नेली. कॉम्प्युटर लावला, एक कोड आला. "सर, पूर्ण युनिट बदलावं लागेल." उघडून बघता येईल का, दुरुस्त होईल का, विचारलं. ते सीलबंद असतं म्हणाले. युनिट यायला सहा आठवडे लागले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाहीच, आता गाड्या अशाच बनतात. त्या सहा आठवड्यांत मुलीला क्लासला सोडायला आणि आईला दवाखान्यात न्यायला कोण आलं? चाळिशीला टेकलेली पद्मिनी.

तिचं दुखणं आलं की मी उद्यमबागेत आमच्या मिस्त्रीमामांकडे जातो. वय सत्तरच्या पुढे. ते आधी गाडीला हात लावत नाहीत. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. डोळे मिटून ऐकतात. टोक इकडून तिकडे सरकवत जातात. मग म्हणतात, "बोलालीय की ती. दोन नंबरचा टॅपेट हाय बग, बाकी काय बी झालं न्हाई." डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढून पॉइंटला पॉलिश पेपर मारतात, गॅप बघायला फीलर गेज खिशातच असतं, पण आधी अंदाजानं लावतात आणि मग गेजनं तपासतात. गेज घालायच्या आधीच बरोबर आलेलं असतं, मी कितीतरी वेळा बघितलंय. शेजारच्या लेथवाल्याला हाक मारतात कानडीत, पोराला पाना मागतात हिंदीत, माझ्याशी मराठीत. लेथवाला फडक्यानं हात पुसत येतो, गाडीचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, "गाडी बाळ चोलो ऐत्री." गाडी फार चांगली आहे. मला ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला. बिडाचा भाग, वेल्डिंग दोनदा केलं, दोनदा सुटलं. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात विचारलं, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात विचारून घेतलं, मिळाला तो याच्यापेक्षा खराब. तेव्हा मिस्त्रीमामा म्हणाले, "बेळगावात ऱ्हाऊन बिडाच्या भागासाठी रडालायस व्हय? ओतून सोडूया." आपलं बेळगाव फाउंड्रीचं गाव. मोठमोठ्या कंपन्यांचं ओतकाम इथून जातं. मिस्त्रीमामांच्या ओळखीच्या पॅटर्नवाल्यानं जुन्या भागावरून लाकडाचा पॅटर्न, म्हणजे नमुना, केला. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, हे मला तिथे कळलं. आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर वेगळा. एका छोट्या फाउंड्रीत दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या ओतीबरोबर आमचा एक भाग ओतून घेतला. वाळू फोडून काढला तेव्हा तो अजून गरम होता. लेथवर तोंडं मारली, भोकं पाडली, बसवला. आज दोन वर्षं झाली, तडा नाही. इटलीत आराखडा झालेला, कुर्ल्यात बनलेला भाग बेळगावच्या वाळूत पुन्हा जन्माला आला.

जगातल्या सगळ्या दीर्घायुषी गाड्यांचं बहुधा असंच असतं. अमेरिकेतले विज्ञानाचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी 1966 ची एकच व्होल्वो पी1800 तीस लाख मैलांच्या वर चालवली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची 1976 ची मर्सिडीज 240 डी तर 46 लाख किलोमीटर चालून कंपनीच्या म्युझियममध्ये गेली. तिची इंजिनं कितीदा तरी बदलली होती. म्हणजे ती काही अमर धातूची नव्हती. माणूस तिच्या मागे उभा राहिला.

आता माझ्या मनातली खरी तक्रार. 2021 साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम केला. चांगला नियम आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर तिला वेगळी नोंदणी, वेगळी पाटी. पण ती रोज वापरायची नाही. आणि पन्नासच्या आतल्या गाडीचं काय? आमच्या पद्मिनीला त्या रांगेत बसायला 2034 उजाडावं लागेल. तोवर ती सरकारी नजरेत नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि फेरनोंदणी. कारची फी आधी 600 रुपये होती, 2022 च्या एप्रिलपासून 5000 झाली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10000. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जातील, त्यांना जपणारे आहेत. ज्या गाड्यांनी मास्तर, दलाल, डॉक्टर, ऊसवाला शेतकरी यांचे संसार ओढले, त्या या मधल्या वर्षांत भंगारात जातील. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीचं वय बघू नका, तब्येत बघा. धूर तपासा, ब्रेक तपासा, पत्रा तपासा. नापास झाली तर खुशाल थांबवा. पास झाली तर तिला म्हातारी म्हणून दंड का?

धुराचं आणि सुरक्षिततेचं मी झाकत नाही. पद्मिनीत एअरबॅग नाही, धूर आजच्या गाडीपेक्षा जास्त. म्हणून मी तिला हायवेवर पळवत नाही, तवंदी घाट लागला की डावीकडून सावकाश जातो, आणि रोज काढत नाही. महिन्याला दोनशे-अडीचशे किलोमीटर. तेवढा धूर नवी गाडी बनवायला लागणाऱ्या लोखंडाच्या भट्टीशी ताडून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक दुखणं नवीन आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबराच्या नळ्या त्यानं फुगतात, चिरतात. टाकीत पाणी धरतं, गंज येतो. गेल्या वर्षी पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून बघितलं तर नळी बोटानं दाबल्यावर तुटली. सगळ्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची वायसरं बदलून घेतली. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी, हा सगळा आपला उसाचा पट्टा. इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, आपल्या शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण जुन्या गाडीवाल्यांनी ऐका, नळ्या आधी बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

मारुती 800 बद्दलही सांगून ठेवतो. आज तिला कुणी क्लासिक म्हणत नाही. 1983 च्या डिसेंबरात आली, 2014 च्या जानेवारीत थांबली, 796 सीसी, तीन सिलिंडर. तिचे भाग अजून कुठल्याही दुकानात मिळतात, कुठलाही मिस्त्री ती डोळे झाकून खोलतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या 800 ज्यांच्या दारात असतील त्यांनी वीस-पंचवीस हजाराला फुंकून टाकू नका.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा अण्णा अंथरुणाला खिळलेले होते. बघून म्हणाले, "आपली हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे. "सेल मार बघू एकदा." मी खाली जाऊन चोक ओढला, गाडी चालू केली आणि खिडकीखाली आणून दोन मिनिटं उभी केली. वरून त्यांनी हात केला. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

म्हणून त्या मुलाला नाही म्हणालो. इंजिन नसलेली पद्मिनी माझ्या डोळ्यांना बघवणार नाही.

एक विनंती आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात कुणाच्या गोठ्यात, शेडमध्ये ताडपत्रीखाली फियाट, अँबॅसेडर, जीप पडून असेल तर भंगारवाल्याला फोन करायच्या आधी मला मेसेज करा. सेल मारून बघू नका, आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हातानं फिरतंय का बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आणि कुणाकडे पद्मिनीच्या पुढच्या उजव्या त्रिकोणी काचेचं रबर असेल तर मला पाहिजे. सध्या पावसात तिथून पाणी आत येतंय.