धूळ, खिळे आणि खिडकी : 'मैदानप्रेमी' यांना उत्तर

मुंबईतल्या मैदानांच्या दुरवस्थेवर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर 'मैदानप्रेमी' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवावा असं आधी वाटलं, पण त्यातलं एक वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून बसून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिवाजी पार्कच्या नावाचं साल मी चुकवलं, हा पहिला आक्षेप. मैदानं वापरायलाच असतात, मंडप उभे राहिले म्हणून गळा काढायचं कारण नाही, हा दुसरा. मग दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने घरचं कार्य कुठे करायचं, कोपऱ्यात दवाखाना उभा राहिला तर माझ्या पोटात का दुखतं, आणि मैदानं संस्थांना दत्तक दिली की सगळं सुरळीत होईल, असं बरंच काही. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्याच ओळीत, हे : "अहो काकू, धुळीचा त्रास खिडकीतून मैदान बघणाऱ्यांना होतो, मैदानात उतरणाऱ्यांना नाही."

सालाची चूक कबूल आहे. ते मैदान १९२५ मध्ये खुलं झालं, पण तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवाजी पार्क हे नाव १९२७ मध्ये, महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे मिळालं. मी दोन्ही गोष्टी एकाच वर्षात कोंबल्या होत्या. लेखात दुरुस्ती केली आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानते. आभार मनापासून आहेत.

आता ते वाक्य.

काकू म्हणाल्याचं मला वाईट वाटत नाही, वय आहे तेवढं. पण तुमचं 'अहो काकू' वयाचा मान राखायला आलेलं नाही. ते समोरच्या बाईला गप्प बसवायला आलेलं आहे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही 'अहो काका' म्हणून सुरुवात केली असती का? मला नाही वाटत. आणि मी खिडकीत बसून लिहिते हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझा पत्ता तुम्हाला माहीत नाही, मी आयुष्यभर काय केलं तेही नाही. लेख आवडला नाही, म्हणून लिहिणारी कोण असेल ते तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंत.

तर ऐका. मी नऊ वर्षांची असल्यापासून मैदानात उतरते आहे. खो-खो. आमच्या उपनगरातलं मैदान शाळेला लागून होतं, संध्याकाळी पाचला आम्ही सोळा-सतरा जणी अनवाणी उतरायचो. १९७८ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट आहे. आदल्या आठवड्यात मंडप उतरवून नेला होता, खड्डे वरवर बुजवलेले होते. सरावात मी खुंटाजवळ सूर मारला आणि मातीत राहिलेला खिळा उजव्या गुडघ्याखाली घुसला. तो हंगाम गेला. पुढच्या हंगामात पाय पूर्वीसारखा वळेना, आणि माझं खेळणं तिथेच थांबलं. ही खूण अजून आहे. खिडकीत बसून अशी खूण होत नाही.

पुढे नोकरी सांभाळून त्याच मैदानावर मी अकरा वर्षं मुलींना शिकवलं. मंडप उठला की पहिला रविवार सरावाचा नसायचा, खिळे वेचायचा असायचा. जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक काढून आम्ही दोरीला बांधलं होतं. एक मुलगी ते ओढत जायची, बाकीच्या तिच्या मागून ओळीने हाताने माती चाचपत यायच्या. एका सकाळी दुधाच्या पावडरीचा डबा खिळ्यांनी काठोकाठ भरला. तो डबा घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने डबा हलवून बघितला आणि म्हणाला, भंगारात घाला, पैसे येतील. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

आणि धूळ. मैदानात उतरणाऱ्याला धुळीचा त्रास होत नाही, हे वाक्य फक्त कधीच न पळालेला माणूस लिहू शकतो. पळणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, तीही तोंडाने. डिसेंबरात हवा जड होते, धूळ गुडघाभर उंचीवर तरंगत राहते, आणि खो-खोत पाटीवर, म्हणजे आखलेल्या जागेवर, उकिडवं बसलेल्या मुलीचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. माझ्याकडे एक मुलगी होती. पायाने इतकी चपळ की तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. दोन हिवाळे तिने खोकत काढले, तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मैदान बंद करायला सांगितलं. ती मैदानातच उतरत होती, मैदानप्रेमी.

ही धूळ आकाशातून पडत नाही, हेही लिहिते, कारण मैदान आहे म्हटल्यावर धूळ असणारच, असंही तुम्ही सहज लिहून गेला आहात. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पाण्यावर गवत आपोआप उगवतं, कुणी पेरायला लागत नाही. श्रावण-भाद्रपदात ते मूळ धरतं, बी धरतं. नेमकं तेव्हाच मंडप पडायला सुरुवात होते. ताडपत्रीखाली ऊन नाही, म्हणून गवत पिवळं पडतं. ट्रक आणि डंपर ओल्या मातीवरून जातात आणि ती दाबली जाते. मातीच्या कणांमधली हवेची जागा नाहीशी झाली की मुळं गुदमरतात, पाणी आत मुरत नाही, वरून वाहून जातं आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जातं. चिखल नको म्हणून मंडपवाले खडी आणि डेब्रिज पसरतात, जाताना ते उचलत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गवताशिवाय उरलेल्या मातीचं चाकांखाली पीठ होतं. त्यावर लाल मातीचा नवा थर ओतला की काम झाल्यासारखं दिसतं, आणि पुढच्या वाऱ्याला तोही उडतो. शिवाजी पार्कच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना हे माझ्याकडून ऐकायची गरज नाही. झाडांचंही तेच आहे. बुंध्याला घट्ट चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वादळात झाड पडलं की झाडाला दोष द्यायचा. झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या बाबतीत २०१३ मध्येच सांगितलं होतं.

मैदान वापरायचंच नाही असं माझ्या लेखात एकही वाक्य नाही. पुन्हा वाचा. ज्या वापरानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कुणाला खेळता येत नाही, त्या वापराबद्दल मी लिहिलं होतं. शिवाजी पार्क उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवलं, ते रहिवासी कोर्टात गेले म्हणून. त्यांनाही तेव्हा खिडकीत बसणारे म्हणून हिणवलं गेलं असेलच.

दवाखान्याबद्दल तुम्ही फार ठामपणे लिहिलं आहे, म्हणून हे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालय बांधायला दिली होती. शेजारचे रहिवासी लढले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. रुग्णालय वाईट असतं असं कुणाचंही म्हणणं नव्हतं. आराखड्यात उद्यान म्हणून राखलेली जागा सत्तेवरच्या माणसाच्या मर्जीने दुसऱ्याला देता येत नाही, एवढंच म्हणणं होतं. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही, आणि इथे प्रत्येक चांगल्या कामासाठी पहिली नजर जाते ती मैदानाच्या कोपऱ्यावर. दवाखान्यानंतर वाचनालय, मग समाजमंदिर, मग व्यायामशाळा. मैदानाला चार कोपरे असतात.

दत्तक योजनेबद्दल मी वेगळा लेख लिहीन, एवढ्यात मावणारा विषय नाही. तूर्त इतकंच की २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने ते धोरण मंजूर केलं तेव्हा लोक इतके खवळले की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली आणि आधी संस्थांकडे दिलेले भूखंड परत घ्यायची वेळ आली. मैदान सांभाळायला घेतलेल्यांनी तिथे क्लब उभारून सभासदत्व विकल्याचं या शहराने पाहिलं आहे. ओव्हल मैदानाचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते खरं आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन ते मैदान वाचवलं. पण तिथे फाटक उघडं राहिलं आणि क्रिकेट चालू राहिलं, म्हणून ते उदाहरण चांगलं आहे. सगळीकडे तसं झालेलं नाही.

लग्नकार्याचा मुद्दा तुम्ही भावनेला हात घालायला आणला आहे, त्यात मी शिरत नाही. मीही चाळीतच वाढले. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न गच्चीवर झालं.

तुमच्या प्रतिक्रियेत तुमच्या मैदानाचं नाव कुठेच नाही. ते कळवा, म्हणजे निदान बोलणं एका जागेबद्दल होईल. मला पुढेही काकू म्हणायचं असेल तर म्हणा. पण खिडकीचं वाक्य मागे घ्या. माझ्या घराला एकच खिडकी आहे आणि ती जिन्याकडे उघडते.