खुलासा : बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली?

‘एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की लगेच बाटल्या भरा,’ असा सल्ला घरी बिअर करणाऱ्या नवख्यांना सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. एअरलॉक म्हणजे आंबवायच्या भांड्याच्या झाकणावरची पाणी भरलेली छोटी नळी; आतला वायू तिच्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडतो. झाकण जरा सैल असलं तरी वायू तिथूनच निसटतो आणि आत आंबणं जोरात चालू असतानाही एअरलॉक गप्प बसतो. उलट, आंबणं संपल्यावरही खोली तापली की बुडबुडे येतात! खरं सांगतो तो हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती काचेची नळी; साखर आंबत जाते तसा तिच्यावरचा आकडा उतरतो. नमुना काढा, चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवा, मग आकडा वाचा. समजा १.०१२ आला, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोच यायला हवा. आकडा अजून उतरत असेल तर थांबा. उरलेली साखर बंद बाटलीत आंबली, तर काच फुटू शकते. नमुना मात्र परत भांड्यात ओतू नका; चाखून बघा.