जॅकी कूगनची निरागसता आणि त्याची मेहनत

चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' या चित्रपटाचा विषय निघाला की त्यातल्या छोट्या मुलाचे, जॅकी कूगनचे, कौतुक 'काय निरागस पोरगा आहे' इथपर्यंत येऊन थांबते. हे कौतुक मला अपुरे वाटते, आणि खरे सांगायचे तर अन्यायाचेही वाटते. मुलाच्या अभिनयाला आपण निसर्गाची देणगी मानले की त्यामागचे कष्ट दिसेनासे होतात, आणि जे कष्ट दिसतच नाहीत त्यांच्या मोबदल्यावर मुलाचा हक्क आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. जॅकीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

१९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा मुलगा व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच, गाणी, नकला आणि विनोद यांच्या फिरत्या रंगमंचाच्या वातावरणात वाढला. वडील त्याच रंगमंचावरचे नर्तक होते आणि त्यांच्या खेळात लहानगा जॅकीही नाचून दाखवत असे. १९१९ मध्ये चॅप्लिनने त्याला पाहिले ते अशाच एका खेळात. प्रेक्षक कुठे हसतील, किती वेळ थांबायचे, समोरच्याची लकब हुबेहूब कशी उचलायची, हे या मुलाने रंगमंचावरच आत्मसात केले होते. चॅप्लिनला अशाच नटाची गरज होती, कारण तो स्वतः प्रत्येक हालचाल करून दाखवी आणि समाधान होईपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करी. 'द किड' १९२१ मध्ये प्रदर्शित झाला. दगड मारून खिडकीची काच फोडणारा आणि पोलीस मागे उभा आहे हे कळताच साळसूदपणे तो दगड हातातल्या हातात खेळवू लागणारा मुलगा त्यात दिसतो. पुन्हा पाहाल तेव्हा त्या प्रसंगातले वेळेचे भान जरूर पाहा. मोठ्या विनोदी नटालाही ते सहज साधत नाही.

त्याच चित्रपटात अनाथाश्रमाचे लोक मुलाला गाडीत घालून नेतात आणि तो हात पसरून आक्रोश करतो. हे रडणे साधण्यासाठी, रडला नाहीस तर खरोखरच अनाथाश्रमात पाठवीन, अशी धमकी वडिलांनी त्याला दिली होती. हा तपशील कळल्यापासून तो प्रसंग मला पूर्वीच्या मनाने पाहता येत नाही. जगाने शंभर वर्षे डोळे पुसत पाहिलेल्या या दृश्यामागे एका मुलाची खरी भीती आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलले पाहिजे.

पुढची काही वर्षे जॅकी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मुलांपैकी एक होता. १९२२ मध्ये त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये मुख्य भूमिका केली, त्याच्या चेहऱ्याच्या बाहुल्या निघाल्या, आणि युद्धाने निराधार झालेल्या मुलांच्या मदतीसाठी त्याला दौऱ्यावर नेले गेले. तो मोठा होऊ लागला तशी मागणी ओसरली. १९३५ च्या मे महिन्यात मोटार अपघातात वडील गेले. त्या गाडीतून एकटा जॅकी वाचला. त्याच वर्षी तो एकवीस वर्षांचा झाला आणि आपल्या कमाईची चौकशी करू लागला. बालपणी त्याने मिळवलेली रक्कम तीस ते चाळीस लाख डॉलर होती असा अंदाज दिला जातो. आई आणि सावत्र वडील यांची भूमिका अशी होती की अल्पवयीन मुलाची कमाई ही पालकांचीच असते. आणि त्या वेळचा कॅलिफोर्नियाचा कायदाही त्यांच्याच बाजूने होता. १९३८ मध्ये त्याने खटला भरला. शेवटी त्याच्या हाती सुमारे एक लाख सव्वीस हजार डॉलर आले.

या प्रकरणाने लोक संतापले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांसाठी कायदा केला, जो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. त्यात पळवाटा होत्या, कारण न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू पडत असे. मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता, हे स्पष्टपणे मान्य व्हायला २००० साल उजाडले, आणि तेव्हापासून किमान पंधरा टक्के रक्कम त्याच्या नावे राखून ठेवणे बंधनकारक झाले. पंधरा टक्के मला फार कमी वाटतात. घर चालवायला मुलाच्या कमाईतला काही भाग लागतो, ही अडचण मी समजू शकतो. परंतु निम्म्याहून कमी वाटा मुलाकडे राहावा, याचे समर्थन मला करता येत नाही.

जॅकीने नंतर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, चालवले, आणि १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'द ॲडम्स फॅमिली' या दूरचित्रवाणी मालिकेत टक्कल केलेल्या अंकल फेस्टरच्या भूमिकेत तो पुन्हा घरोघरी पोहोचला. त्याच्या नावाच्या कायद्याने बालकलाकाराच्या पैशाला संरक्षण दिले. मुलाला कोणत्या मार्गाने रडवले जाते, याचे उत्तर मात्र पैशाच्या कायद्यात सापडणार नाही. ते चित्रीकरणाच्या जागी हजर असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे मागावे लागेल, आणि दिग्दर्शकाकडे सर्वांत आधी.